ज्याला फूल नाही ते

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तात्यांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. तात्या फोटो पाठवणाऱ्यांतले नाहीत. त्यांचा निरोप म्हणजे एक मिस्ड कॉल. मग फोन आपण करायचा, मग "काय न्हाई, सहज" आणि त्या सहजच्या पोटातून दहा मिनिटांनी खरं काम. म्हणून फोटो दिसल्यावर मी हातातला डबा तसाच बाजूला ठेवला. आमची मोसंबी होती. शेवटच्या ओळीतली, नदीकडची. आणि अशी फुलली होती की पान दिसत नव्हतं, फांद्यांवर कुणी चुरमुरे उधळून ठेवल्यासारखी. सप्टेंबरात जी बाग पाण्याखाली गेली होती, तीच ही. मला भरूनच आलं. लिहिलं, "वा तात्या! काय फुललीय बाग!" खाली दोन टाळ्या, एक फूल. निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. चार दिवसांनी दादाचा, म्हणजे तात्यांच्या थोरल्याचा, फोन आला, कसल्या तरी कागदासाठी. कागदाचं बोलून झाल्यावर म्हणाला, "अन् त्या फोटोखाली टाळ्या काहून टाकल्या तू? तात्या दिवसभर फोन उलटा घालून बसले व्हते." मी विचारलं, का रे? तो जरा थांबला. "आगं, ती जायला निघालेली झाडं हायेत. मोसंबी मरायच्या आधी अशीच फुलती."

टाळ्या पुसून टाकायची मुदतही तोवर टळून गेली होती.

अण्णा, म्हणजे माझे वडील आणि तात्यांचे भाऊ, गेल्यावर त्यांच्या वाट्याचं अडीच एकर माझ्या नावावर लागलं. सातबाऱ्यावर मी आहे, वावरात मी नाही. कसतात तात्या, राखतो दादा, मी दिवाळीला जाते आणि धुऱ्यावरून एक चक्कर मारून येते. पाचोडकडून येताना शहागडचा पूल लागायच्या आधी खाली उतरणारा रस्ता आमच्या गावाचा. नदीला आमच्याकडे गोदावरी कुणी म्हणत नाही. ती गंगा, आणि तिच्या काठचा पट्टा तो गंगथडी. गोदावरी ही बातम्यांत असते. माझं अडीच एकर या गंगथडीतलं, मळईचं. मळई म्हणजे नदीनं वर्षानुवर्षं आणून टाकलेला गाळ. बोटात घेतला की पिठासारखा, ओला केला की लोण्यासारखा. लहानपणी आम्ही त्याचे बैल करायचो, ते वाळल्यावर तडकत नसत. काळ्या रानातल्या मातीचे तडकायचे.

त्या मळईत मोसंबी लावायचं खूळ माझं. २०१९ च्या उन्हाळ्यात मी तात्यांना म्हटलं होतं, दरवर्षी सरकी लावायची, दरवर्षी बोंडअळीशी भांडायचं, त्यापेक्षा माझ्या वाट्यात बाग लावा, खर्च मी देते. तात्या लगेच हो म्हणाले नाहीत. वावरात गेले, उकिडवे बसले, गंगेकडे बघत राहिले. मला वाटलं विहिरीचा, पाइपलाइनचा हिशेब चालला असेल. तो नव्हताच. ते म्हणाले, "माय, इथं पाणी येऊन गेलेलं हाये. २००६ ला." मी म्हटलं, तात्या, ते कधीतरीचं. हे वाक्य मी अगदी सहज बोलले होते. शहरात राहणाऱ्या माणसाला कधीतरी हा शब्द फार स्वस्त पडतो.

माझ्या बोलण्याला तेवढं वजन यायला अजून एक कारण होतं, ते मात्र माझं नव्हतं. आमची पहिली बाग वरच्या रानात होती, गावाच्या वरच्या अंगाला, मुरमाड जमिनीत. नव्वदच्या दशकात रोजगार हमीतून फळबागा निघाल्या तेव्हा अण्णांनी आणि तात्यांनी मिळून लावलेली. खड्डे खणायची मजुरी सरकारी, कलमं सरकारी, त्यामुळे गावात जो तो बागाईतदार झाला होता. ती बाग वीस वर्षं जगली. मग २०१२ आणि १३ चा दुष्काळ आला. जालना जिल्ह्यात त्या दोन वर्षांत मोसंबीचं काय झालं ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. आम्हीही टँकर घातले. एका झाडाला किती लिटर याचा अण्णा रात्री वहीत हिशेब मांडायचे, शाळेत हजेरी मांडावी तसा, ओळीनं. मार्चात त्यांनी वही मिटली. आरामशीनवाला आला, त्यानं झाडांकडे न बघता आधी बुंध्यांकडे बघितलं आणि वजनाचा भाव सांगितला. मोसंबीचं लाकूड आतून पिवळसर निघतं, कापताना त्याला सालीचा वास येतो हे मला त्या दिवशी कळलं. बागेत उभं राहून आपण मोसंबी सोलतोय असं वाटत होतं. अण्णा घरीच होते. आले नाहीत.

म्हणजे वरच्या रानात झाड तहानेनं मेलं, म्हणून खालच्या रानात आणलं. गंगथडीतल्या बऱ्याच बागांची कथा हीच आहे, आणि बाहेरच्या माणसाला ती दिसत नाही. पूर आल्यावर टीव्हीवर कुणीतरी विचारतं, नदीच्या इतक्या जवळ बागा लावायच्याच कशाला? गंमत म्हणजे मुद्दा तहानेचा आहे. इथं विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं. वर हिरडपुरी, खाली जोगलादेवी असे बंधारे झाले, त्यांच्या फुगवट्याचं पाणी मार्चपर्यंत पात्रात उभं असतं, पाइप टाकला की झालं. दुष्काळाला घाबरून माणूस नदीकडे सरकतो, आणि जितका सरकतो तितका पुराच्या हातात जातो. तात्यांना हे २०१९ लाच कळत होतं. पण अण्णांची वही त्यांनीही पाहिली होती.

आणखी एक गोष्ट तात्या सांगतात. धरणाआधी, म्हणजे त्यांच्या लहानपणी, गंगा दर पावसाळ्यात एकदा तरी मळईत येऊन जायची. येणार हे ठरलेलं, म्हणून खालच्या रानात खरिपाचं कुणी फार काही करायचं नाही. पाणी उतरलं की ओलीवर शाळू टाकायचा. झाड लावायचं तर करंज, उंबर, जांभूळ, बाभूळ. तेही लावायचं नाही, आपोआप येईल ते राखायचं. १९७६ ला जायकवाडी झालं आणि गंगा येईनाशी झाली. गाळ वर नाथसागरात, म्हणजे धरणाच्या तलावात, अडकला, पाणी कालव्यांनी गेलं, आणि आमच्याकडे उरलं ते वाळूचं पात्र. मग वाळूही गेली. सलग काही वर्षं नदी आली नाही की माणसाला तिची रुंदी विसरायला होते. नांगर दर साली हातभर खाली सरकतो. "धरणानं पूर थांबला न्हाई," तात्या म्हणतात, "धरणानं आमची याद थांबली." मी हे वाक्य ऐकून वहीत लिहून घ्यायला गेले तर म्हणाले, "लिहितीस काय? भाजी जळाली बघ."

सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र आठवण करून द्यायला गंगा स्वतः आली. आधी महिनाभर पाऊस थांबतच नव्हता. जमीन चिबडली होती, वाफसा, म्हणजे पेरणीला हवी तेवढीच ओल, असा नव्हताच. उभ्या सरकीची पाती गळत होती. मग शेवटच्या आठवड्यात जायकवाडीचे आकडे यायला लागले. आमच्या गावात आता लहान पोरंही क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटलं त्यात, बोलतात. लाख, दीड लाख. दादा मला फोनवर सांगत होता, क्रिकेटचा स्कोर सांगावा तसा, फक्त आवाज दर फोनला खाली जात होता. २००६ ला अडीच लाखांच्या घरात सोडलं होतं, तेव्हा पाणी आपल्या विहिरीच्या कठड्याला लागलं होतं, हा त्यांचा जुना अंदाज. आकडा अडीचच्या पुढे गेला आणि अंदाज संपले. २८ तारखेला तीन लाखांच्या घरात गेलं. सगळी गंगथडी जनावरं घेऊन वर, शाळेत, देवळात. रात्री तात्या एकटेच बॅटरी घेऊन उताराच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. काय दिसणार होतं? "काही दिसलं न्हाई," ते म्हणाले, "आवाज व्हता. अन् मोसंबीचा वास." झाडाला तिसऱ्या बहाराची फळं होती, रंगावर आलेली. बागवानानं, म्हणजे बागेतला माल झाडावरच विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यानं, इसार दिलेला होता. फळं पाण्यात घासून घासून सुटत होती आणि त्यांचा वास अंधारात वर येत होता.

पाणी पाच दिवसांनी उतरलं. माती उतरली नाही.

मी दिवाळीला गेले तेव्हा बाग हिरवी होती. हे मी परत सांगते, कारण सगळा घोळ इथंच आहे. बाग हिरवी होती. पानांवर वाळलेल्या गाळाचा पातळ थर, छातीच्या उंचीवर पाण्याची रेघ, फांद्यांत अडकलेली पऱ्हाटी आणि कुणाच्या तरी घरातलं एक लहान मुलाचं झबलं. पण झाडं उभी होती आणि हिरवी होती. मी तात्यांना म्हटलं, वाचली की हो. तात्या एका बुंध्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी माती उकरत होते. खुरपं बाजूला होतं, हातांनीच, एखादं जनावर विताना माणूस हात घालतो तसं. गाळ वीतभर ते गुडघाभर साचला होता. "डोळा शोधतोय," ते म्हणाले. मोसंबी आपल्या पायावर उभी नसते. खाली जंबेरी लिंबाचा खुंट, त्याच्यावर मोसंबीचा डोळा भरलेला. खुंटाला ओल सोसते, वरच्या मोसंबीला सोसत नाही. म्हणून कलम लावताना तो डोळा जमिनीच्या वर वीतभर ठेवायचा, हा पहिला धडा. आता गाळानं सगळ्या बागेचे डोळे बुजले होते. वरच्या मोसंबीची नाजूक साल ओल्या चिखलात. तिथं बुरशी धरली की बुंध्यातून डिंक गळायला लागतो. पावणेतीनशे झाडं. तात्या, दादा, काकू आणि दोन माणसं, पंधरा दिवस तेवढंच करत होते. मीही एक दिवस केलं. सात झाडं झाली आणि माझी नखं गेली. प्रत्येक बुंध्याशी तो जोड सापडला की, खालचा खुंट खडबडीत आणि वरची साल गुळगुळीत, बोटाला कळतो, तेव्हा बारशाच्या घरात असल्यासारखं बरं वाटायचं. मग त्याला चुना-मोरचूदाची पेस्ट फासायची. सगळी बाग निळसर मोजे घालून उभी.

आणि हाच तो गाळ. ज्याचे आम्ही बैल करायचो. ज्याच्यासाठी धरणातून ट्रॅक्टर भरभरून आणतात आणि वरच्या रानात पसरतात. तो आमच्या दारात फुकट येऊन पडला होता, नव्या सुगंधी साबणासारखा मऊ, आणि आम्ही तो पाट्या भरभरून बुंध्यापासून लांब फेकत होतो.

पंचनामा त्याच्या आधीच झाला होता. आलेला मुलगा चांगला होता, असं सगळेच म्हणतात. पोटऱ्यांपर्यंत चिखलात उतरला. गाळ तीन इंचांच्या वर आहे का ते काडी खुपसून बघितलं. नदीच्या अगदी तोंडावरची काही रानं खरडून गेली होती, खाली नुसता मांजऱ्या दगड. तशा जमिनीला पुढे सरकारनं हेक्टरी ४७ हजार रोख आणि माती टाकायला रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंत जाहीर केलं. बागायतीला हेक्टरी ३२ हजार ५००. आमची खरडली नव्हती, भरली होती. मुलानं गळून पडलेली फळं लिहिली, गाळ लिहिला. झाडांकडे बघून म्हणाला, "काका, झाडं तर जित्ती हायेत." तात्यांना खोटं बोलता आलं नाही. जिवंतच होती. जानेवारीत मरणाऱ्या झाडाला ऑक्टोबरच्या कागदावर कुठं लिहिणार? त्यात त्या मुलाची चूक मला तरी काढता येत नाही. मीसुद्धा त्या दिवशी, कागद हातात नसताना, तेच म्हटलं होतं.

बागवान मात्र काही बोलला नाही. त्याच्या मालाचं पाणी झालं होतं. आला, चहा घेतला, कट्ट्यावर बसला, म्हणाला, "इसार राहू द्या, पुढच्या बहारात वळता करू." त्याला ठाऊक नसेल? तीस वर्षं मोसंबीत घालवलेला माणूस. मला आता वाटतं की त्याला ते मागायचं नव्हतं आणि सोडून दिलं असंही म्हणायचं नव्हतं. गावात अशा गोष्टींना पुढचा बहार म्हणतात.

त्या दिवाळीत आणि नंतरही मी गावात एकच प्रश्न विचारत सुटले होते, जरा आचरटासारखा: इथं परत झाड लावाल का? दादाचं उत्तर तयार होतं. ऊस. ऊस आठ दिवस पाण्यात उभा राहतो, आडवा झाला तरी कारखाना नेतो, गाळ बसला तर उलट फुटवे धरतो. मराठवाड्यातल्या उसाबद्दल मला जे काय वाटतं ते मी त्याला ऐकवलं, किती पाणी पितो वगैरे. तो म्हणाला, "पिऊ दे की. पाणीच जास्त झालंय ना आपल्याला?" यावर मला काही सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही. शेजारचे एक मामा दुसऱ्याचं रान बटईनं करतात. त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "झाड?" ते म्हणाले. "मह्या हातात रान पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. झाडाची सावली सरकीवर पडती, तेवढाच मह्या अन् झाडाचा संबंध." झाड लावायला नुसती जमीन असून भागत नाही, पुढची पाच वर्षं आपल्या नावावर लागतात. ती मामांकडे नाहीत. माझ्याकडे आहेत, आणि मी ती कुणाच्या अंगावर टाकली, तर सत्तरी ओलांडलेल्या तात्यांच्या.

काकूंचं वेगळंच. त्यांच्या मते चूक मोसंबीचीही नाही आणि गंगेचीही. "सोयरीकच चुकली," त्या म्हणाल्या. विहिरीच्या खालच्या अंगाला, उतारावर, त्यांनी लग्न होऊन आल्यावर राखलेलं एक जांभळाचं झाड आहे. २००६ चं पाणी त्यानं पाहिलं, आताचंही. दोन्ही वेळा कमरेच्या वर पाणी घेऊन उभं राहिलं आणि पाणी उतरल्यावर महिन्याभरात तांबूस पालवी फुटली. त्याच्या शेजारचे दोन पेरूही तगले, जरा पिवळे पडून. सीताफळाला तर अक्कलच आहे, काकू म्हणतात. ते बालाघाटाच्या दगडातून कधी खाली उतरलंच नाही. मी विचारलं, मग जांभळाची बाग का लावत नाही कुणी? शहरात जूनमध्ये पावशेराला काय मोजतो आम्ही! काकू हसल्या. जांभूळ झाडावरून उतरवायला माणूस लागतं, वर चढणारं, न पडणारं. सकाळी उतरवलं की संध्याकाळी त्याचं पाणी. त्याला बागवान येत नाही, इसार देत नाही, कर्जाच्या फॉर्मात ते बसत नाही. जे झाड नदीला सोसतं ते बाजाराला सोसत नाही आणि उलट. एवढ्यावर काकूंनी विषय संपवला आणि मला लाह्यांचं पीठ कालवून दिलं.

तात्या काय म्हणतात ते मी शेवटी विचारलं. खरं तर विचारायची हिंमत नव्हती. त्यांनी बोटं मोडायला सुरुवात केली. "२००६ ला आलं, मंग आता आलं. किती झाले? एकोणीस. मोसंबी जगती किती? लई झालं तर वीस-पंचवीस." त्यांचं गणित असं की दोन पुरांच्या मधलं अंतर आणि मोसंबीचं आयुष्य साधारण एकच. आपण लावली २०१९ ला, म्हणजे दोन पुरांच्या मधेच. तिथं चुकलं. पूर येऊन गेला की दुसऱ्याच दिवशी लावायची, मग झाड म्हातारं होईस्तोवर गंगा येत नाही. मी त्यांना समजावायला गेले. पूररेषा असते, निळी आणि लाल. निळी पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. पण पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे पंचवीस वर्षांनी असं नसतं, तात्या, सलग दोन सालीही येऊ शकतो. नदी काही वही ठेवत नाही. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मंग पाऊस तरी कुठं वही ठेवून पडतो? पेरतोच ना आपण." आणि मग, माझ्याकडे न बघता, "वही मह्या भावानं ठेवली व्हती. तिचं काय झालं?"

फोटोच्या त्या प्रकारानंतर दहा दिवसांनी, फेब्रुवारीत, मी गेलेच. उतरणीवरूनच वास आला. मोसंबीच्या फुलाचा वास गोड असतो असं म्हणतात, पण तो नुसता गोड नाही, त्यात साबणाच्या वडीसारखं काहीतरी थंड असतं, आणि फुलं फार असली की तो घशाला लागतो. मधमाश्यांचा आवाज इतका की विजेच्या तारेखाली उभं असल्यासारखं वाटावं. आणि झाडांच्या मधल्या पट्ट्यांत, त्याच गाळावर, शाळू. ऑक्टोबराच्या शेवटी वाफसा आला तेव्हा दादानं रिकाम्या जागेत टाकलेला, ना खत, ना धड पाणी. माझ्या डोक्याच्या वर गेला होता. कणसं माझ्या मुठीत मावत नव्हती. तात्यांच्या बापाच्या वेळी व्हायची तशी ज्वारी, असं तात्या म्हणत होते, आणि त्यांच्या आवाजात जे होतं त्याला आनंद म्हणायला काही हरकत नव्हती. आम्ही तिथंच आगटी पेटवली, गोवऱ्यांची. हुरडा भाजला. गरम कणसं हातावर चोळताना वरून पांढऱ्या पाकळ्या पडत होत्या, आगटीत, चटणीत, तात्यांच्या टोपीवर. इतका गोड हुरडा मी आयुष्यात खाल्लेला नाही. आणि तो खाताना मला लाज वाटत होती, आणि मी अजून एक कणीस मागून घेतलं.

मग तात्या मला शेवटच्या ओळीत घेऊन गेले. फोटोतलं झाड तेच. आता पाकळ्या गळून देठावर हिरवी टाचणीएवढी फळं धरली होती, झुबक्यांनी. तात्यांनी बुंध्यापासून हातभर अंतरावर खुरप्यानं उकरलं आणि पेन्सिलीएवढं एक मूळ वर काढलं. माझ्या हातात दिलं. "वढ," म्हणाले. मी दोन बोटांत धरून ओढलं तर साल सगळी चिमटीत आली, भिजवलेल्या बदामाची यावी तशी, आणि मागे उरला पांढरा दोरा. वास आंबलेल्या पिठाचा. आम्ही एरवी डिसेंबरात काय करतो? बहार धरायचा म्हणून झाडाचं पाणी तोडतो, महिना-दीड महिना ताणावर सोडतो. झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही, मग ते फुलतं. यंदा तात्यांनी ताण दिलाच नव्हता. बहार नको, झाड वाचू दे, असं ठरलं होतं. पण पाण्यात मुळी कुजलेल्या झाडाला ओल्या जमिनीत उभं राहूनही पाणी ओढता येत नाही. त्याचा ताण त्याच्या बुडातच. गंगेनं दिलेला. त्याला कुणी पाणी सोडून मोडू शकत नाही. मार्चचं ऊन लागलं की पान सुकेल, पण गळणार नाही, झाडालाच धरून राहील, ही लहान पोरालाही कळणारी खूण आहे, असं दादा म्हणाला. मला ती कळत नव्हती. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

मी म्हटलं, तात्या, चूक माझी. लावायला मीच लावलं तुम्हाला. हे वाक्य मी संभाजीनगरपासून घोळवत आणलं होतं. तात्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते धुऱ्याकडे चालायला लागले होते. तिथं, जमीन जराशी चढते, फार नाही, दीड-दोन हात, तिथं तीन ओळी वेगळ्या दिसत होत्या. फूल जवळजवळ नाही. कुठं एखादं, चुकून आल्यासारखं. पानं मात्र काळपट हिरवी, जाड, कडा किंचित वर वळलेल्या. गावातल्या लग्नात न नटता कामाला लागलेल्या बाईसारखी ती झाडं, आधी नजर जातच नाही त्यांच्यावर. ऐंशी-नव्वद असतील. तात्यांनी एका फांदीवर नखानं बारीक ओरखडा काढला. आतून ओलं हिरवं दिसलं. थुंकी लावून तो ओरखडा त्यांनी पुन्हा दाबून टाकला.

"ह्याचा काढ फोटो," ते म्हणाले.

मी काढला. दाखवला. त्यात काहीच नव्हतं, नुसती पानं, आणि मागे दादाचा शाळू. तात्यांनी फोन लांब धरून, डोळे बारीक करून बराच वेळ बघितला. मग परत दिला.

"हा टाक सगळ्यांना," म्हणाले. "अन् टाळ्या नको टाकू."